डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

पाच-सहा वर्षे एखाद्या रेणूच्या, कीटकाच्या किंवा समीकरणाच्या मागे घालवून, प्रबंध दाखल करून, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल येईपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहून आणि अखेरीस मौखिक परीक्षेत विभागातील मंडळींसमक्ष आपल्या निष्कर्षांचे समर्थन करून जेव्हा एखादा तरुण संशोधक विद्यापीठाची अधिसूचना हातात घेतो, तेव्हा त्याच्या नावाला ‘डॉक्टर’ ही उपाधी लागते खरी. परंतु त्याच सुमारास, किंबहुना पुष्कळदा त्यापूर्वीच, त्याच्या अधिछात्रवृत्तीची पाच वर्षांची मुदत संपून दरमहा येणारी रक्कम बंद झालेली असते. वसतिगृहातील खोली सोडावी लागते, ग्रंथालयाचे व भांडाराचे येणे-देणे चुकते केल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि वयाची अठ्ठाविशी-तिशी गाठलेला, आपल्या विषयाच्या एका लहानशा कोपऱ्यात जगातील मोजक्या जाणकारांपैकी एक असलेला हा मनुष्य प्रथमच ‘पुढे काय?’ या प्रश्नासमोर एकटा उभा राहतो. मागील प्रकरणात प्रबंध कसा सिद्ध होतो हे आपण पाहिले. त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांविषयी सर्वसामान्य वाचकाला फारच थोडी माहिती असते. वास्तविक शास्त्रज्ञ घडतो किंवा विज्ञानाला मुकतो तो याच वर्षांत, आणि म्हणून या वर्षांचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. आता असे समजा की, एखाद्या मार्गदर्शकाने तीस वर्षांच्या सेवेत या कमाल मर्यादेपर्यंत न जाता सरासरीने एका वेळी पाचच विद्यार्थी घेतले, आणि प्रत्येकाला सहा वर्षे लागली. तरी निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाताखालून पंचवीस डॉक्टर बाहेर पडलेले असतील आणि तो स्वतः रिकामी करील ती खुर्ची मात्र एकच असेल. विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची संख्या स्थिर राहिली, तर त्या पंचविसांपैकी चोवीस जणांना गुरूच्या व्यवसायाहून वेगळा व्यवसाय पत्करावा लागणार, हे कोणाच्याही दुष्टाव्यावाचून, कोणाच्याही नालायकीवाचून, केवळ भागाकाराने ठरलेले आहे. हा हिशेब कोणत्याही मार्गदर्शकाला दोन मिनिटांत करता येईल. पण तो विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशी सांगितला जात नाही, आणि तो न सांगितल्यामुळे पुढे ज्याला जागा मिळत नाही तो तरुण ती आपलीच उणीव समजतो. या प्रकरणात मला जे म्हणायचे आहे ते बहुतेक सर्व या एका गोष्टीभोवती फिरते. विज्ञान हे कठीण आणि निवडक क्षेत्र आहे, तेथे सर्वांना स्थान मिळणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तर माणसाला वेळेवर मिळाले पाहिजे, आणि आजची व्यवस्था ज्या अन्यायाची दोषी आहे तो नकाराचा नसून दिरंगाईचा आहे.

हा भागाकार नेहमीच इतका निष्ठुर नव्हता. संस्था वाढत होत्या तोवर भाजक मोठा होत होता. 1950 साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली, 1954 साली तुर्भ्याला अणुशक्तीचे संशोधनकेंद्र उभे राहू लागले, 1958 साली पवईची तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. आणि या प्रत्येक ठिकाणी तरुण माणसे हवी होती. मन मोहन शर्मा हे रासायनिक अभियांत्रिकीतील आपल्या देशाचे एक श्रेष्ठ नाव. केंब्रिजला डँकवर्ट्‌स यांच्याजवळ डॉक्टरेट पुरी करून ते 1964 साली परतले, ते थेट मुंबईच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात, माटुंग्याच्या त्या प्रसिद्ध ‘यूडीसीटी’त, प्राध्यापक म्हणून रुजू झाले, त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आज त्याच वयाचा बुद्धिमान विद्यार्थी प्रबंधाचे तिसरे-चौथे प्रकरण लिहीत असतो. शर्मा यांच्या असामान्य योग्यतेविषयी शंका नाही. पण त्या योग्यतेला सत्ताविसाव्या वर्षी आसन मिळाले ते त्या काळाच्या विस्तारामुळे, हेही तितकेच खरे.

परंतु तो काळही सर्वांना सारखाच अनुकूल होता असे मात्र समजू नये. हरगोविंद खुराणा यांची हकिगत या बाबतीत मला अतिशय बोलकी वाटते. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंडला गेले, 1948 साली लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली, आणि त्यानंतरचे सुमारे एक वर्ष झुरिक येथे प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत वेतनावाचून, शिल्लक पैशावर गुजराण करून काढले. 1949 साली ते स्वदेशी परतले. फाळणीने त्यांचे कुटुंब पंजाबातील मूळ गावातून उखडले गेले होते, आणि नव्या राज्यात त्यांना त्यांच्या विद्येला साजेसे काम मिळाले नाही. ते पुन्हा इंग्लंडला गेले. केंब्रिजला टॉड व केनर यांच्याबरोबर त्यांनी काम केले, 1952 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्यांना आपली स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली, तेथून 1960 साली ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले, आणि 1968 साली जनुकीय संकेताच्या उकलीबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या कर्तृत्वाचा आपण अभिमान मिरवतो. तो मिरवताना, डॉक्टरेटनंतरच्या दुसऱ्याच वर्षी हा मनुष्य आपल्या दाराशी नोकरी शोधत आला होता, हेही स्मरणात असू द्यावे. व्हँकुव्हरची ती संस्था काही जगातील अग्रगण्य संस्थांपैकी नव्हती. तिने त्यांना फार पैसा दिला नाही. दिले ते स्वातंत्र्य, आणि दिले ते तिसाव्या वर्षी.

आपल्याकडील दोन विदुषींची उदाहरणेही येथे घेण्यासारखी आहेत. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांनी केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असल्याचे दाखवून 1939 साली डॉक्टरेट मिळवली, ती एका आटोपशीर प्रबंधावर आणि अत्यल्प अवधीत. परत आल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, नंतर कुन्नूरची पोषण-संशोधनशाळा आणि विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा क्रम झाला. विषय बदलला, उपकरणे बदलली, प्रत्येक ठिकाणी पायापासून आरंभ करावा लागला, आणि त्या संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले ते बऱ्याच उशिरा. इरावती कर्वे यांनी 1930 साली बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट घेतली. पण त्यानंतर काही वर्षे त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या, आणि आपल्या विषयाचे अध्यापन-संशोधन हे ज्याचे मुख्य काम असे पद त्यांना डेक्कन कॉलेजात 1939 साली मिळाले. नऊ वर्षांचे हे अंतर त्यांच्या चरित्रात सहसा दोन वाक्यांत उरकले जाते. त्या काळात मानवशास्त्राला आपल्याकडे पीठच नव्हते, हे त्याचे कारण खरेच. तथापि एखाद्या विषयात तज्ज्ञ तयार होणे आणि त्या तज्ज्ञासाठी जागा तयार होणे या दोन गोष्टी एकाच गतीने घडत नाहीत, आणि मधल्या अंतराची किंमत व्यक्तीला आपल्या आयुष्याच्या उमेदीच्या वर्षांनी भरावी लागते, हा सर्वकालीन नियम त्यातून दिसतो.

ही किंमत शासनाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. मार्च 1958 मध्ये संसदेपुढे विज्ञानधोरणाचा ठराव आला आणि त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे ‘सायंटिस्ट्‌स पूल’ नावाची एक योजना सोपवण्यात आली. परदेशांतून उच्च पदव्या घेऊन परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम नेमणूक मिळेपर्यंत पगार द्यायचा आणि एखाद्या विद्यापीठाला किंवा प्रयोगशाळेला जोडून ठेवायचे, अशी तिची तजवीज होती. पुढे तिचा लाभ देशातच शिकलेल्यांनाही मिळू लागला. योजनेमागील हेतू निःसंशय उदार होता आणि अनेकांना तिने आधार दिला. मात्र तिच्या रचनेत एक उणीव होती, आणि ती पुढच्या बहुतेक सर्व योजनांनी वारशाने घेतली. तिने प्रतीक्षालय बांधले, गाडीची हमी दिली नाही. ज्या संस्थेत हा शास्त्रज्ञ बसे तिच्यावर त्याला सामावून घेण्याचे कोणतेही बंधन नव्हते. आणि मुदत संपली की तो जेथून निघाला तेथेच, केवळ वयाने मोठा होऊन, परत येई.

कायम नोकरीत असणाऱ्यांचीही कुचंबणा होत असे, हे 1972 साली एका दुर्दैवी घटनेने देशाला कळले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. नेमणुका आणि बढत्या यांतील असंतोषाला तोंड फुटले, संसदेत प्रश्न निघाले, आणि शासनाने सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या समितीच्या कामानंतर जे घडले ते आपल्याकडील वैज्ञानिक प्रशासनाच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 1973 साली कृषी शास्त्रज्ञांच्या निवडीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, आणि 1975 साली कृषी संशोधन सेवा अस्तित्वात आली. तीत स्पर्धापरीक्षेने प्रवेश मिळाल्यावर शास्त्रज्ञाची बढती वरची जागा रिकामी होण्यावर टांगून न ठेवता पाच-पाच वर्षांनी त्याच्या कामाचे मूल्यमापन करून ठरवावी, असे तत्त्व स्वीकारले गेले. म्हणजे दुसऱ्याच्या निवृत्तीची किंवा मृत्यूची वाट पाहण्याची अवमानकारक आवश्यकता उरली नाही. ठरलेल्या वर्षी उत्तर मिळेल, एवढी शाश्वती मिळाली. ती व्यवस्था निर्दोष ठरली असा दावा कोणी करणार नाही. पण कायद्याच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एका मराठी न्यायमूर्तीने शास्त्रज्ञांच्या तक्रारी पगाराच्या आकड्यांपुरत्या न पाहता न्यायाच्या दृष्टीने पाहिल्या, ही गोष्ट मोठी आहे, आणि तिची आठवण आपल्याकडे जितकी असायला हवी तितकी नाही.

डॉक्टरेटनंतर आणखी काही वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम करायचे, ज्याला विद्यार्थी ‘पोस्टडॉक करणे’ म्हणतात, ती प्रथा आली अमेरिकेतून. 1919 साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांतील होतकरू डॉक्टरांना अधिछात्रवृत्त्या देण्यास आरंभ केला. त्यामागची कल्पना सुंदर होती: तरुण मनुष्य प्राध्यापक झाला की अध्यापनाच्या ओझ्याखाली दबून जातो, म्हणून त्याआधी दोन-एक वर्षे त्याला कोणतीही जबाबदारी न देता, हव्या त्या विद्यापीठात, हव्या त्या प्रश्नावर काम करू द्यावे. थोड्या निवडक लोकांना दिलेली ती मोकळीक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाला सरकारी पैसा अनुदानांच्या रूपाने वाहू लागला, तेव्हा त्या मोकळिकीचे स्वरूप पालटले. अनुदान मिळवणाऱ्या प्राध्यापकाला प्रयोग करणारे तयार हात हवे होते. विद्यार्थ्याला शिकवावे लागते, कायम सेवकाला निवृत्तिवेतन द्यावे लागते, आणि पोस्टडॉक मात्र शिकलेलाही असतो आणि हंगामीही असतो. जीवशास्त्रात ही ओढ सर्वांत प्रबळ ठरली. 1998 ते 2003 या पाच वर्षांत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे अंदाजपत्रक दुप्पट करण्यात आले. विद्यापीठांनी इमारती बांधल्या, माणसे भरली. आणि मग वाढ थांबताच त्या माणसांसाठी जागा राहिल्या नाहीत. त्यातच 1994 पासून कायम प्राध्यापकांची सक्तीची निवृत्ती तेथे कायद्याने बंद झाली होती. परिणाम असा झाला की, 1980 च्या सुमारास जो शास्त्रज्ञ पस्तिशी ओलांडताना आपले पहिले स्वतंत्र अनुदान मिळवत असे, त्याला आता चाळिशी उलटेपर्यंत थांबावे लागू लागले. ब्रूस अल्बर्ट्‌स, मार्क किर्शनर, शर्ली टिलमन आणि हॅरॉल्ड व्हार्मस या चार नामवंतांनी 2014 साली एका निबंधात, ही घडीच मुळात सदोष असून ती अखंड वाढीच्या गृहीतकावर उभी आहे, असे स्पष्टपणे लिहिले. चौघेही त्या व्यवस्थेच्या शिखरावर बसलेले होते, म्हणून त्यांच्या लिहिण्याला वजन होते.

जर्मनीची कहाणी अधिक जुनी आहे. मॅक्स वेबर यांनी 1917 साली म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे विज्ञान या व्यवसायावर जे व्याख्यान दिले, त्याचा आरंभ त्यांनी ज्ञानाच्या महत्तेने न करता, पदवीधराला या व्यवसायात प्रत्यक्ष काय वाट्याला येते या रुक्ष प्रश्नाने केला होता. जर्मनीतील खाजगी व्याख्याता वेतनावाचून विद्यार्थ्यांच्या शुल्कावर जगतो आणि अमेरिकेतील सहायकाला तुटपुंजा का होईना पण पगार असतो, ही तुलना करून, अशा वाटेवर यशात दैवाचा वाटा किती मोठा असतो हे त्यांनी तरुणांना निःसंकोचपणे सांगितले. गुरूने शिष्यांशी कसे बोलावे याचा तो मला वस्तुपाठ वाटतो. त्याच जर्मनीत 2007 साली असा कायदा झाला की, डॉक्टरेटपूर्वी सहा आणि डॉक्टरेटनंतर सहा वर्षांपर्यंतच विद्यापीठाला शास्त्रज्ञ मुदतीच्या करारावर ठेवता येईल. माणसाला अनंत काळ हंगामी ठेवू नये हा त्यातला सद्‌हेतू. पण कायम पदे न वाढवता फक्त घड्याळ लावल्यामुळे अनेकांना चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडावे लागले. 2021 साली, मंत्रालयाने हन्ना नावाच्या काल्पनिक जीवशास्त्रज्ञ तरुणीच्या तोंडून या कायद्याचे समर्थन करणारी जी चित्रफीत काढली होती, तिला उत्तर म्हणून शेकडो संशोधकांनी ‘मी हन्ना आहे’ म्हणत आपापले खरे करार आणि त्यांच्या मुदती जाहीर केल्या. जपाननेही 1996 च्या आपल्या विज्ञान-योजनेत दहा हजार पोस्टडॉकना आधार देण्याचा संकल्प सोडला आणि तो पुराही केला. पण त्यानंतरच्या पायरीची तरतूद झाली नाही, आणि 2004 पासून राष्ट्रीय विद्यापीठांच्या चालू अनुदानाला दरसाल कात्री लागत गेल्याने ही माणसे करारांमागून करार करीत राहिली.

आता आपल्या घरी येऊ. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ 42,000 रुपये झाली. डॉक्टरेटनंतर जो ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून एखाद्या प्रकल्पावर लागतो त्याला श्रेणीप्रमाणे 58,000, 61,000 किंवा 67,000 रुपये आणि घरभाडे भत्ता, असे दर ठरले. आकडे वाईट नाहीत. अडचण आहे ती मुदतीची: प्रकल्प तीन वर्षांचा, त्यातले पहिले कित्येक महिने मंजुरी आणि खरेदी यांत गेलेले, आणि निधीचा हप्ता दफ्तरात अडकला की हाताखालच्या माणसाचा पगारही अडकतो. याच्या वरची पायरी म्हणजे दोन वर्षांची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती. त्याहून वर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर फॅकल्टी’ ही योजना. तीत पाच वर्षे दरमहा सव्वा लाख रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला सात लाख रुपये मिळतात, आणि स्वतःच्या नावाने काम उभे करता येते. हिची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवाराला बत्तीस वर्षांची आहे. तिशीत पीएच.डी. होणाऱ्याच्या हाती त्यामुळे दोनच संधी येतात. आणि पाच वर्षांअखेर यजमान संस्था त्याला कायम करीलच असे बंधन तिच्यावर नाही. परदेशांत गेलेल्यांना परत आणण्यासाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी यांच्या नावांच्या पाच-पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्याही शेवटी तोच प्रश्न उभा राहतो. केंद्रीय संस्थांपैकी पुष्कळ संस्था सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत पस्तिशीच्या आतील उमेदवाराला प्राधान्य देतात, आणि परदेशातील पोस्टडॉकचा अनुभव जाहिरातीत असो वा नसो, निवडसमितीच्या मनात असतोच.

ज्याला बाहेर जाता आले नाही, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे पुणे, कोल्हापूर किंवा नांदेड सोडता आले नाही, त्याच्यासाठी उरते ते महाविद्यालय. आणि येथील स्थिती मला सर्वांत अधिक क्लेश देते. अनुदानित महाविद्यालयात पद रिक्त असणे आणि ते भरले जाणे या दोन टोकांमध्ये कार्यभाराची पडताळणी, बिंदुनामावलीची तपासणी, ना-हरकत प्रमाणपत्र आणि वित्त विभागाची मान्यता अशी एक दीर्घ मालिका असते, आणि पदभरतीवर निर्बंध आले की ती मालिका वर्षानुवर्षे जागच्या जागी थांबते. तास मात्र थांबत नाहीत. ते घेतात तासिका तत्त्वावरील अध्यापक. दर जूनमध्ये नवी मुलाखत, सत्र संपले की नेमणूक संपुष्टात, मेहनताना घेतलेल्या तासिकांपुरता आणि तोही उशिरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. अशा स्थितीत डॉक्टर झालेली माणसे पाच-पाच, दहा-दहा वर्षे आहेत. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याजवळ नसते, संशोधनप्रकल्पासाठी अर्ज करायचा तर कायम नेमणुकीचा दाखला नसतो. भरीला नियम बदलत असतात. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य राहील असे 2018 च्या नियमांनी जाहीर केले. ती अट 2021 साली लागू व्हायची होती, ती 2023 पर्यंत लांबवली गेली, आणि त्या वर्षी ती काढून टाकून नेट किंवा सेट ही किमान अर्हता पुरेशी ठरवण्यात आली. या पाच वर्षांत केवळ त्या अटीवर विसंबून ज्यांनी डॉक्टरेटला नाव घातले त्यांनी काय करावे? धोरण बदलण्याचा शासनाला अधिकार आहे. पण सहा वर्षांच्या साधनेची अट ठरवणाराने निदान सहा वर्षे तरी ती स्थिर ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हीच वर्षे आणखी अवघड होतात, कारण विज्ञानाने मागितलेली अठ्ठावीस ते पस्तीस ही वर्षे गृहस्थीही मागते. 2002-03 पासून केंद्राने खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली; तिच्या एका शाखेत पेटंटविषयक कामाचे शिक्षण देऊन अनेक स्त्रियांना नवा व्यवसाय मिळवून दिला गेला. शासकीय योजनांत मला ही विशेष आवडते, कारण तिने डॉक्टरेटधारक स्त्रीला पुन्हा त्याच रांगेत उभे न करता दुसरे दार दाखवले.

आणि दारे आहेतच. पेटंट कार्यालयातील परीक्षक विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकलेलाच लागतो. औषधकारखान्यांच्या संशोधनशाळांत कार्बनी रसायनाच्या डॉक्टराला मागणी असते, आणि पुणे-मुंबईच्या रसायन-उद्योगाची एक पिढी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि ‘यूडीसीटी’त तयार झाली, हे सर्वश्रुत आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, हवामानखाते, बियाणे-उद्योग, रोगनिदानसंच करणाऱ्या छोट्या कंपन्या, संख्याशास्त्र जाणणाऱ्याला बँका आणि विमा, लिहिता येणाऱ्याला विज्ञानलेखन: या सर्व ठिकाणी डॉक्टरेटमध्ये कमावलेली सवय, म्हणजे न सुटलेल्या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजण्याची आणि स्वतःच्याच निष्कर्षावर अविश्वास ठेवण्याची सवय, उपयोगी पडते. खेद याचा की आपल्या विभागांतून या मार्गांचा उल्लेख ‘बाहेर गेला’ अशा शब्दांनी होतो, जणू काही मनुष्य जातिबाह्य झाला. कारखान्यात गेलेला शिष्य गुरूला कमी प्रिय असतो. विद्यार्थ्याला ते दिसते, आणि म्हणून जो तिसाव्या वर्षी सुखाने कारखान्यात गेला असता तो अडतिसाव्या वर्षी नाइलाजाने जातो. कारखानदारही तेव्हा त्याला, इतकी वर्षे कुठे होता, असे विचारतो. गैर काही असेल तर ते एवढेच. विज्ञान सोडून जाण्यात गैर काही नाही.

काय करता येईल, याचे मोठे उत्तर शासनाजवळ आहे: कायम पदे वेळेवर भरणे, मुदतीच्या योजनेच्या चौथ्या वर्षीच यजमान संस्थेने लेखी निर्णय देणे, आणि वयोमर्यादा जन्मतारखेवरून न मोजता पदवीच्या तारखेवरून मोजणे. पण त्याची वाट न पाहता प्रत्येक विभागाला आजच करता येण्यासारखे एक काम आहे. गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडून डॉक्टर झालेल्या प्रत्येकाला किती वर्षे लागली आणि तो आज कोणत्या कामावर आहे, याची यादी, हवी तर नावे वगळून, विभागाने दर्शनी भागावर लावावी. यासाठी अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही. आणि जे तरुण-तरुणी पीएच.डी.च्या प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या विचारात हे प्रकरण वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की, मार्गदर्शकाला भेटायला जाल तेव्हा त्यांच्या शोधनिबंधांबरोबर त्यांच्या मागच्या दहा विद्यार्थ्यांचीही चौकशी करा. त्यांपैकी दोघा-तिघांना प्रत्यक्ष गाठून बोला. डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षीच एखाद्या कारखान्यात, पेटंटकचेरीत किंवा शासकीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉक्टरांकडे एक-दोन दिवस जाऊन या. आणि पदवीनंतर हंगामी कामात किती वर्षे राहायचे तो आकडा आपल्या जवळच्या माणसांशी बोलून आधीच ठरवा, तो कागदावर लिहून ठेवा, आणि ती मुदत संपली की स्वतःच स्वतःला उत्तर द्या.